नळकांडं वर येईपर्यंत

आमच्या घरात दिवा चालू राहिला तर आई ओरडते, नळ गळला तर मी ओरडते. पण ऊब वाया गेली की बाबांच्या थेट जिवाला लागतं. भाताचा कुकर उतरवला की तापलेल्या शेगडीवर लगेच पाण्याचं पातेलं चढलं पाहिजे. इस्त्रीचं बटण बंद केल्यावर ती गार होईपर्यंत रुमाल निघाले पाहिजेत, आणि रुमाल संपले तर बाबा कालच्या पेपरला इस्त्री करतात. मी शाळेत असताना ते पावसाळ्यात सुट्टीवर घरी आले की त्यांच्या स्कूटरच्या गरम इंजिनावर माझे मोजे वाळत पडायचे. मोज्यांना पेट्रोलचा वास यायचा, त्यामुळे वर्गात माझ्या शेजारी कोणी बसत नसे, आणि मी घरी येऊन आदळआपट करायचे. बाबांना त्याचं काही नसे. मोजे सुकले होते ना, मग झालं.

तीस वर्षं ते मालवाहू जहाजांच्या इंजिनरूममध्ये होते. ऑइलमन म्हणून चढले आणि फिटर म्हणून उतरले. तिथे म्हणे कुठलाच गरम पाइप रिकामा राहायचा नाही. कशावर चहा, कशावर चड्ड्या. एकदा उत्तरेकडच्या कुठल्याशा बर्फाळ बंदरात बाबांनी घरून नेलेले सुके बांगडे वाफेच्या पाइपवर ठेवून भाजले. वास हवेच्या नळ्यांतून वर कॅप्टनच्या केबिनमध्ये गेला. कॅप्टन परदेशी. त्याला वाटलं काहीतरी भयंकर जळतंय, म्हणून त्याने आगीची घंटा वाजवली आणि सगळं जहाज डेकवर गोळा झालं. बाबा हातात बांगडा घेऊनच वर आले. ही गोष्ट त्यांनी मला निदान शंभरदा सांगितली असेल, आणि दर वेळी बांगड्यांची संख्या वाढत गेली आहे.

त्याच बंदरात त्यांनी एक जाडजूड निळा लोकरी स्वेटर घेतला होता. रत्नागिरीत स्वेटर घालायचा म्हणजे घामोळ्यांना आवतण देणं. तो ट्रंकेत डांबराच्या गोळ्यांसोबत पडून असायचा आणि वर्षातून एकदा ऊन खायला बाहेर यायचा. आईने एकदा तो बोहारणीसमोर ठेवला, बदल्यात एक चांगलं जाड बुडाचं पातेलं मिळत होतं. बाबांनी स्वेटर उचलून आत नेला आणि दोन दिवस आईशी बोलले नाहीत. तेव्हापासून त्या स्वेटरला घरात कोणी हात लावत नसे.

अशा माणसाची मुलगी वाया जाणाऱ्या उष्णतेच्याच मागे लागली यात नवल काही नाही. पण हे माझं मला कळायला चाळिशी उलटावी लागली.

मी इथल्याच एका कॉलेजात यांत्रिकी शिकवते. तीन वर्षांपासून मी पाण्याखाली एकटंच फिरणारं एक छोटं यान बनवत होते. आत माणूस नाही, काही नाही. पाण्यात खाली जायचं, तिथलं तापमान आणि खारटपणा टिपायचा, वर येऊन आकडे पाठवायचे आणि पुन्हा खाली जायचं. त्याच्या पोटात मी फ्युएल सेल बसवला होता. त्यात हायड्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र आले की वीज तयार होते, थोडं पाणी तयार होतं आणि भरपूर ऊब तयार होते. वीज सगळ्यांना हवी असते, ऊब कोणालाच नको असते. इंधनातली जवळजवळ अर्धी ताकद अशी उबेत जाते आणि लोक ती सरळ समुद्रात सोडून देतात. वर ती सोडण्यासाठी पंप चालवून कमावलेल्यातली थोडी वीजही घालवतात. हे पहिल्यांदा नीट वाचलं तेव्हा माझ्या डोक्यात चक्क बाबांचा आवाज ओरडला.

म्हणून मी ती ऊब मेणाकडे वळवली. फ्युएल सेल गार ठेवणारं पाणी तापतं, ते पाणी एका पाइपमधून मेणाच्या डब्याभोवती न्यायचं. मेण वितळलं की जास्त जागा घेतं, ते तेलाला ढकलतं, तेल बाहेरच्या रबरी पिशवीत जातं आणि पिशवी फुगते. यानाचं वजन तेवढंच, आकार मोठा. म्हणजे ते आपोआप वर येणार. वर आलं की सेल बंद करायचा, मेण थिजतं, पिशवी बसते आणि यान पुन्हा खाली. वर यायला मोटर नको की वीज नको. कॉलेजच्या बैठकीत हे समजावायला मला चाळीस मिनिटं लागली होती आणि तरी दोघे तिघे शून्यात बघत होते. घरी आईला सांगितलं तेव्हा तिने कढईतून मान वर न करता विचारलं, "म्हणजे पुरी ना? फुगली की वर येते."

मी तिला तिथेच साष्टांग नमस्कार घालणार होते.

यानाची लांबी माझ्या खांद्यापर्यंत येईल इतकी, जाडी फणसाच्या झाडाच्या फांदीएवढी, सगळं अ‍ॅल्युमिनियमचं, एका टोकाला नारिंगी टोपी. बाबा त्याला नळकांडं म्हणायचे. आधी मला राग यायचा, मग मीही नळकांडंच म्हणायला लागले. कॉलेजात जागेची मारामारी, त्यामुळे ते मांडवीतल्या आमच्या घराच्या पडवीत टेबलावर असायचं. त्यातला फ्युएल सेल माझा नव्हता. पुण्याच्या एका मैत्रिणीने तिच्या प्रयोगशाळेतून तो उसना दिला होता आणि "कोरडा परत आण" एवढं एकच बजावलं होतं. तो समुद्रात गेला असता तर दुसरा कोणी मला दिला नसता, आणि माझी तीन वर्षं त्याच्याबरोबर तळाला गेली असती. हे मला पक्कं माहीत होतं, म्हणून त्या दिवसांत मी घरात सगळ्यांवर खेकसत होते.

बाबा रोज सकाळी चहा घेऊन पडवीत यायचे. पाने-पक्कड द्यायचे, नट मोजायचे, झाकणाचे बोल्ट समोरासमोर कसे आवळायचे ते मला, यांत्रिकीच्या प्राध्यापिकेला, पुन्हा पुन्हा शिकवायचे. मी ऐकून घ्यायचे कारण त्यांचा हात खरंच चांगला आहे. मग समुद्रातल्या चाचणीला आठ दहा दिवस राहिले असताना एका सकाळी त्यांनी चालू यानाचं मागचं झाकण उघडलं आणि त्या गरम पाण्याच्या पाइपला उलटा हात लावला.

"हितं चटका बसतो," ते म्हणाले. मग हात मेणाच्या डब्याजवळ नेला. "आनि हितं नुसता कोमट. मधली ऊब गेली कुटं गो?"

"जाते थोडी. हिशेबात धरली आहे."

"कशाला जाऊ द्यायची? पाइपला काय तरी गुंडाळ. आमच्या चीफनं उघडा पाइप बघितला तर तो मानसाला उपाशी ठेवी."

त्या सकाळी माझं डोकं आधीच फिरलेलं होतं. पिशवीतून तेल झिरपत होतं, सुट्टीचा अर्ज नामंजूर झाला होता, मदतीला येणाऱ्या माझ्या दोन्ही विद्यार्थिनी परीक्षेत अडकल्या होत्या. मी म्हटलं, "बाबा, हे तुमचं जहाज नाही. इथे हाताने नाही, सेन्सरने मोजतात. कॉलेजच्या टाकीत हे चार वेळा वर आलंय. तुम्ही जरा बाहेर बसाल का?"

त्यांनी हात पुसले, पाना जागेवर ठेवला आणि ते बाहेर ओटीवर जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी चहा घेऊन आले नाहीत, तिसऱ्या दिवशीही नाही. आम्ही दोघं आईमार्फत बोलू लागलो. "तिला सांग, चहा गार होतोय." "त्यांना सांग, येते." आई दोन दिवस निरोप पोचवत राहिली आणि तिसऱ्या दिवशी म्हणाली की मी काही पोस्टमन नाही. मला माफी मागायची होती, पण मागितली नाही. माझा स्वभाव बाबांवर गेलाय, असं सगळे म्हणतात.

आता माझी चूक सांगते. यान पाण्यात अगदी जेमतेम बुडेल आणि पिशवी फुगली की जेमतेम तरंगेल, असं त्याचं वजन ग्रॅमात जमवावं लागतं. टाकीतल्या गोड्या पाण्यात मी ते जमवलं होतं. समुद्राचं पाणी खारं, जड. त्यात यान आपोआप हलकं पडणार, म्हणून किती वजन वाढवायचं तो हिशेब केला. आदल्या दिवशी दुपारी मिरकरवाड्याच्या मासळी बंदरात जाऊन जाळ्याला लावायच्या शिशाच्या गोळ्या आणल्या, त्या काट्यावर अगदी नीट मोजल्या आणि पुढचं झाकण उघडून आत बसवल्या. गोळ्या मोजल्या. अख्खं यान पुन्हा मोजलं नाही. कशाला मोजायचं, गोळ्या सोडून काही बदललंच नव्हतं.

सकाळी आम्ही मांडवीच्या जेट्टीवरून निघालो. होडी बाबांच्या एका जुन्या मित्राची. तो तांडेल, पासष्टीचा असेल, अजून रोज समुद्रावर जातो. थंडीचे दिवस होते, समुद्र निवांत. बाबा बोलत नसले तरी होडीत माझ्याआधी चढून बसले होते. आईने डब्यात तांदळाची भाकरी आणि जवळ्याची चटणी दिली होती आणि दोघांना मिळून एकच डबा दिला होता. ते तिने मुद्दाम केलं होतं.

तांडेलाने नळकांड्याकडे बघितलं आणि पहिली गोष्ट विचारली, "दोरी कुटं?"

"दोरी नाही लावायची."

"म्हंजे?"

मी सांगितलं की दोरीने तोल बिघडतो, आणि शिवाय दोरी असली तर ते आपणहून वर आलं असं मला कोणाला छातीठोक सांगता येणार नाही. तांडेलाने बाबांकडे बघितलं. बाबांनी समुद्राकडे बघितलं.

"बाय," तांडेल म्हणाला, "दोरीबिगर दर्यात फक्त नारळ टाकतात. नि तो परत मागायचा नसतो."

तरी मी ऐकलं नाही. तांडेलाने मान हलवली आणि मग त्याच्या पद्धतीने जागा पक्की केली. दीपगृह आणि किल्ल्यावरच्या देवळाचा कळस एका रेषेत आणला, दुसरीकडे जेट्टीचं टोक आणि त्यामागचा एक वाकडा माड एका रेषेत आणला, आणि जिथे दोन्ही रेषा मिळाल्या तिथे नांगर टाकला. माझ्याकडे मोबाइलवर नकाशा होता. त्याने तो बघायला नकार दिला.

"खोली किती?" मी विचारलं.

"चार वाव." वाव म्हणजे दोन्ही हात पसरून मोजलेलं अंतर. आमच्या घराच्या गच्चीइतकी उंची धरा.

सेल सुरू केला, झाकणं तपासली आणि नळकांडं पाण्यात सोडलं. ते हळूहळू, डुलत डुलत खाली जायला हवं होतं. टाकीत ते असंच जायचं, बघताना मला दर वेळी कौतुक वाटायचं. इथे ते सुटल्या हाताने टाकलेल्या पाट्यासारखं सरळ खाली गेलं. नारिंगी टोपी एकदा चमकली आणि गढूळ पाण्यात दिसेनाशी झाली.

"जड झाला गो ता," तांडेल म्हणाला.

"जड कसं होईल? हिशेब केलाय मी. शंभर ग्रॅम जरी जास्त झाले ना, तरी पिशवी पूर्ण फुगल्याशिवाय ते हलणार नाही. पूर्ण! आणि मेण पूर्ण वितळलं नाही तर तिथेच बसणार ते."

हे मी तांडेलाला म्हटलं होतं, पण बाबा एकदम माझ्याकडे वळले. "शंबर ग्रामनं?" आठ दिवसांत ते माझ्याशी थेट बोललेले हे पहिले शब्द.

"हो, बाबा. शंभर ग्रॅमने."

त्यांनी नळकांडं बुडालं तिथल्या पाण्याकडे बघितलं. मला वाटलं, मनात म्हणत असतील, बघ, बापाचं ऐकलं नाहीस. मी त्यांच्याकडे पाठ करून बसले.

टाकीत नळकांडं अर्ध्या तासात वर यायचं. मी पस्तीस मिनिटं धरली होती. पस्तीस मिनिटं झाली, चाळीस झाली, पन्नास झाली. आत हायड्रोजन होता साधारण दोन तासांचा. तो संपला की ऊब संपणार, आणि ऊब संपली की चिखलात रुतलेल्या त्या नळकांड्याला ओहोटी कुठे ओढून नेईल ते तांडेलाच्या देवळाला आणि माडालाही कळलं नसतं. मी कागदावर खारटपणाचा हिशेब पुन्हा केला. बरोबर होता. पुन्हा केला. तरी बरोबर होता. हिशेब चुकला असता तर मला बरं वाटलं असतं, निदान कारण तरी कळलं असतं.

तासाभराने तांडेलाने डबा उघडला. "जेवा. उपाशी राहून ता लवकर येनार नाय." मी दोन घास खाल्ले. बाबांनी भाकरीला हात लावला नाही. माझे बाबा वादळात, तापात, लग्नात, मयतात, कुठेही जेवायचे थांबत नाहीत. जवळ्याची चटणी समोर असून ते खात नाहीत हे बघून मला पहिल्यांदा त्यांची काळजी वाटली. त्यांच्या वाटची भाकरी शेवटी तांडेलाने खाल्ली.

"चार वाव म्हंजे काय फार नाय," बाबा थोड्या वेळाने म्हणाले आणि सदऱ्याची बटणं काढायला लागले.

"काय करताय?"

"बुडी मारतो."

"बाबा, शहात्तर वर्षांचे आहात तुम्ही!"

"म्हनून काय झाला? पोहाता येतो ना मला."

तांडेलाने त्यांचा दंड धरला आणि खाली बसवलं. "दादा, गप बस. तू गेलास तर तुला शोधायला आनि कोनाला पाठवू?" बाबा बसले, पण बटणं तशीच उघडी ठेवली, म्हणजे विचार सोडलेला नव्हता.

सव्वा तास झाला तेव्हा मला रडू आलं. मी फार रडणारी बाई नाही, पण आलं. मैत्रिणीला फोनवर काय सांगायचं त्याची वाक्यं मी मनात जुळवायला लागले होते. मग तोच राग बाबांवर निघाला. "बोला ना," मी म्हटलं, "म्हणून टाका एकदा. मी सांगितलं होतं, पोरीने ऐकलं नाही. म्हणा!"

बाबांचा चेहरा अगदी लहान झाला. "नाय गो," ते म्हणाले. "मी कायच नाय सांगितला तुला. सांगायला पायजे होता." मला ते वाक्य कळलं नाही. माझी समजूत काढतायत असं वाटलं, आणि त्यामुळे आणखीच रडू आलं.

ओहोटी लागली होती, होडी नांगराभोवती हळूच वळली. तांडेलाने घड्याळ बघायचं सोडून दिलं होतं, मी दर मिनिटाला बघत होते. एक तास चाळीस मिनिटं. एक तास पंचेचाळीस. बाबांना कानाने कमी ऐकू येतं, इंजिनांनी कान खाल्ले. पण मोतीबिंदू काढल्यापासून नजर घारीची आहे. ते उजवीकडे बघत होते. एकाएकी होडीत ताडकन उभे राहिले, इतके की होडी कलंडायची राहिली.

"ता बघ! ता बघ! टोपी!"

लांब, खुल्या समुद्राच्या बाजूला, पाण्यावर काहीतरी नारिंगी होतं. पूर्ण वर नव्हतं आलेलं. नेहमी टोपी हातभर बाहेर यायची, इथे नुसतं नाकापुरतं टोक दिसत होतं. लाट आली की पाण्याखाली, गेली की वर. पण होतं. तांडेलाने नांगर ओढून इंजिन सुरू केलं, मी ओणवी होऊन नळकांडं दोन्ही हातांनी धरलं, आणि मागून बाबांनी माझी ओढणी धरली होती. ते जड होतं, ओलं होतं, चिखलाने माखलं होतं. मी त्याला मिठी मारली. मी हसत होते आणि रडतही होते, आणि तांडेल ओरडत होता, "नारळ परत आला! नारळ परत आला!"

बाबांनी सदऱ्याची बटणं लावली.

घरी आल्यावर मला वाटलं ते आता बांगड्यांची गोष्ट सुरू करतील. पण ते डोकं दुखतंय म्हणून आत जाऊन पडले. मी नळकांडं पडवीत टेबलावर ठेवलं, धुतलं, पुढचं झाकण उघडलं. सगळं कोरडं. सेल कोरडा. मैत्रिणीला तेवढा एक शब्द पाठवला. मग इतकं जड कशाने झालं हे शोधायला मागचं झाकण उघडलं. बोल्ट समोरासमोर, एकसारखे आवळलेले होते. माझ्यापेक्षा चांगले आवळलेले होते, तिथेच मला शंका यायला हवी होती.

आत पाइप दिसत नव्हता. पाइपच्या जागी जाड निळी लोकर दिसत होती. फ्युएल सेलपासून मेणाच्या डब्यापर्यंत स्वेटरची एक अख्खी बाही, उभी उसवून, दुहेरी गुंडाळलेली, आणि वरून बारीक सुतळीने वीतभर अंतरावर बांधलेली. गाठी मला ओळखीच्या होत्या. आमच्या कपडे वाळत घालायच्या दोरीला त्याच आहेत, मच्छरदाणीला त्याच आहेत.

आई मागे येऊन उभी राहिली होती. "तू काल दुपारी शिसं आणायला गेलीस ना," ती म्हणाली, "तेव्हा ट्रंक उघडून बसले होते. मला वाटलं ऊन दाखवतायत. कात्री कशाला मागतायत ते मी विचारलंच नाही."

खरं सांगते, पहिल्यांदा मला संतापच आला. मी बाही सोडवली आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली. एकशे दहा ग्रॅम. याच एकशे दहा ग्रॅमने माझं नळकांडं तळाला नेलं होतं! मी शिशाची गोळी न् गोळी मोजली होती, आणि बापाने अख्खी बाही आत भरली होती! मी हाक मारायला तोंड उघडलं आणि तेवढ्यात लॅपटॉपवर आतले आकडे उतरून आले.

मेणाजवळचं तापमान मी बघितलं आणि मग समुद्राच्या तळाचं बघितलं. कॉलेजची टाकी गच्चीवर आहे, दुपारभर उन्हात; तिचं पाणी समुद्राच्या पाण्यापेक्षा चांगलं पाच अंश गरम असायचं, आणि ही साधी गोष्ट मी, प्राध्यापिका, तीन महिने विसरले होते. टेबलावर बाबांनी इस्त्री केलेला पेपर होता, त्याच्या कोऱ्या कडेवर मी हिशेब मांडला. समुद्राच्या त्या गार पाण्यात उघड्या पाइपने किती ऊब मेणापर्यंत पोचली असती? हिशेब तीनदा केला. मेण वितळायच्या दोन अंश खालीच अडकलं असतं. नळकांडं हळूहळू, डुलत डुलत, अगदी माझ्या मनासारखं खाली गेलं असतं, आणि मग हायड्रोजन संपेपर्यंत आणि त्यानंतरही तिथेच बसून राहिलं असतं.

मी बाही घेऊन आत गेले. बाबा भिंतीकडे तोंड करून पडले होते, झोपलेले नव्हते.

"किती भरला?" त्यांनी न वळता विचारलं.

"एकशे दहा ग्रॅम."

"म्हंजे मीच बुडवला."

"हो. तुम्हीच बुडवलात," मी म्हटलं, "आणि तुम्हीच वर आणलात." मग मी त्यांना टाकीचं ऊन सांगितलं, समुद्राचा गारवा सांगितला, ते दोन अंश सांगितले. ते उठून बसले आणि मी बोलत असताना माझ्या हातातल्या बाहीवरून बोट फिरवत राहिले, जणू पाइप अजून आत आहे. मग मी आठ दिवस राहून गेलेलं बोलले. "मी तुम्हाला बाहेर बसा म्हटलं. चुकलं माझं, बाबा. फार चुकलं."

"तीस वर्षांत," ते म्हणाले, "मला इंजिनरूमातनं कोनी भायर नव्हता काढला. बांगडे भाजले तेवापन नाय."

मला पुन्हा रडू आलं आणि या वेळी मी ते लपवलं नाही. बाबांनी उशाचा इस्त्री केलेला रुमाल माझ्याकडे टाकला.

"किती बांगडे होते हो?" मी नाक पुसत विचारलं.

"अठरा," ते म्हणाले. गेल्या खेपेला चौदा होते.

स्वयंपाकघरातून आईने ओरडून विचारलं की आता तरी कोणी जेवणार आहे का. बाबांनी पाय खाली सोडले, चपला शोधल्या, पण ते स्वयंपाकघराकडे न जाता पडवीकडे निघाले. दारात मी त्यांना अडवलं.

"दुसरी बाही अजून आहे ना? पाण्याचा परतीचा पाइपही उघडाच आहे."

"हाय," बाबा म्हणाले. त्यांनी टेबलावरचा पाना उचलला, नळकांड्याच्या मागच्या झाकणापाशी आपल्या जुन्या जागेवर उभे राहिले आणि माझ्याकडे चष्म्यावरून बघितलं. "पन या टायमाला आधी वजन कर."